‘सुखरूप’पाशी थांबलेले सिदूनाना

हवालदार सिदू माने खोटं बोलले, असं सरकारी दप्तरात लिहिलेलं होतं आणि ते माझ्या जबानीवरून लिहिलेलं होतं. जबानी खोटी होती. देताना मला ते ठाऊक होतं. माझं वय तेव्हा अडतीस होतं, नोकरीला सोळा वर्षं झाली होती, म्हणजे पोरवयाची सबबही मला नाही. धमकीसुद्धा कुणी दिली नव्हती. जबानीच्या आदल्या दिवशी आमच्या कचेरीच्या साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “तुम्हाला मुलं चार ना हो?” एवढ्यावर मी विकला गेलो.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून मी नानांचा मित्र होतो असा कुणाचा समज होईल. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो, एवढंच.

लढाई सुरू झाल्यावर साताऱ्याच्या आमच्या कचेरीत एक नवी शाखा उघडली. कामं दोन. पलटणीत गेलेल्यांच्या घरच्यांचे अर्ज पाहायचे आणि गावोगाव फिरून लढाई फंड गोळा करायचा. मी त्या शाखेचा कारकून, मूळ वाईचा, माझी भाषा खेड्यातल्या माणसांना परकी वाटे. म्हणून पलटणीतला एखादा जुना माणूस सोबत असावा असा हुकूम निघाला, आणि म्हसवडजवळच्या एका वाडीतून सिदूनाना आले. मागच्या लढाईत ते बसऱ्याकडे होते. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली. उंच, वाळका माणूस. पिंढऱ्यांना पलटणीतल्या पट्ट्या, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला खाकी कोट, दाढी रोज गुळगुळीत केलेली. टेबलापाशी ते बसायचे नाहीत. “बसलं की झोप येती अन झोपलं की पगार हराम हुतो,” म्हणायचे आणि भिंतीला पाठ न टेकता उभे राहायचे.

त्यांना खोटं बोलता येत नसे. हे मी त्यांचा मोठेपणा म्हणून सांगत नाही, एखाद्याला पोहता येत नाही तसं ते होतं. एकदा साहेबांकडे एक सावकार भेटायला आला. साहेबांना तो नको होता. “सांग, मी नाही,” ते आतून म्हणाले. नाना बाहेर आले, टाचा जुळवल्या आणि सावकाराला म्हणाले, “सायेब आत हायती, पर न्हाई म्हना म्हनत्यात.” सावकार हसत निघून गेला. साहेब आठवडाभर नानांशी बोलले नाहीत. नानांना त्यात आपलं काय चुकलं ते कळलंच नाही. “मी त्यांचंच सांगितलं की भाऊसाब. शब्द बी बदलला न्हाई.”

दौऱ्यावर निघालो की साहेब आणि मी मोटारीत असू. नाना गावाच्या शिवेवर उतरून पायी येत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “मोटारीतनं उतरलेल्याला कुनी खरं सांगत न्हाई.” आम्ही चावडीवर खुर्च्या मांडून बसेपर्यंत ते चालत येत, आणि तेवढ्यात त्यांना गावाची निम्मी हकीकत कळलेली असे.

चावडीवरचं काम असं चाले. प्रत्येक गावाला फंडाचा आकडा वरून ठरून आलेला असे. तलाठी नावं पुकारी, माणूस पुढं येई, छापील संमतीपत्रावर अंगठा उठवी आणि पैसे देई. संमतीपत्रावर ‘राजीखुशीने’ असं छापलेलं होतं. ज्याचा अंगठा उठला त्याला रॉकेलचं आणि कापडाचं परमिट मिळे. ज्याचा नाही, त्याला पुढच्या महिन्यात या असं सांगत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं.

नाना आल्यापासून यात एक अडचण झाली. अंगठा घेण्याआधी ते प्रत्येकाला कागद वाचून दाखवत. मोठ्यानं, परेडवर हुकूम सोडावा तसा. वाचन त्यांना बेताचंच येई. पलटणीच्या इस्पितळात हाताची जखम भरेपर्यंत ते शिकलेले, त्यामुळे अक्षर अक्षर जुळवत जात. दहा ओळींच्या कागदाला निम्मा तास. साहेब चुळबुळ करत. एकदा मी म्हटलं, “नाना, सगळ्यांचा कागद एकच आहे. एकदाच वाचा.”

“कागद येक हाय, अंगठं येगळं हायती,” ते म्हणाले आणि पुढचा कागद उचलला.

उंब्रजला एक म्हातारे शेतकरी होते, बापू. त्यांनी कागद पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, “आवं हवालदार, ते राजीखुशीनं म्हंजी काय?”

“म्हंजी तुमी आपनहून देताय. कुनी जोर केल्याला न्हाई.”

“मंग ते खोडा. मी रॉकेलसाठी देतोय.”

चावडीत हशा पिकला. नाना हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊसाब, ल्ह्या. रॉकेलसाठी देतोय म्हनून.” मी साहेबांकडे पाहिलं. साहेब दुसरीकडे पाहत होते. मी टाक दौतीत बुडवला, कागदाच्या कडेला काहीतरी खरडल्यासारखं केलं आणि बापूंचा अंगठा घेतला. कडेला काहीच लिहिलेलं नव्हतं. नाना बारकाईनं पाहत होते, पण माझं घाईचं अक्षर त्यांना लागत नसे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवशी दुपारी तारळी नदीच्या काठी आम्ही भाकरी खायला बसलो. साहेब पाटलाकडे जेवायला गेले होते. या वाचण्याचं खूळ तुम्हाला लागलं कुठून, असं मी नानांना विचारलं. ते भाकरीला चटणी लावत राहिले.

“बसऱ्याकडं आमाला वेढा पडला हुता,” ते म्हणाले. “रसद सपली. घोडी मारून खाल्ली. मी ज्येला रोज खरारा करायचो त्येला बी खाल्ला. लय जन मेली, गोळीनं न्हवं, भुकेनं. मागनं सुटून घरी आलो तवा आईनं येक छापील कागद जपून ठिवला हुता. मामलेदारानं गावात वाटलेला. तिला वाचता येत नव्हतं, नुसता द्येवापाशी ठिवला हुता. मी वाचला. त्यात लिवलं हुतं, आपल्या पलटनीला अन्नपानी भरपूर हाय, जवान खुशीत हायती.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “आई म्हनली, त्यात तुजं काय लिवलंय रं? म्या सांगितलं, बराबर लिवलंय. तेवढं येकदा खोटं बोललो, भाऊसाब. आई मरंस्तोवर त्ये तसंच ऱ्हायलं.”

मी भाकरी संपवली आणि नदीत हात धुतले. ऐकून घेणं आणि पुढं काही न करणं, हा माझा स्वभाव.

लढाईच्या चौथ्या वर्षी कचेरीत एक यादी आली. मलायात बेपत्ता झालेल्या आमच्या जिल्ह्यातल्या शिपायांची. वर शेरा होता की, पुढील हुकूम येईतो घरच्यांना कळवू नये, लोकांचा धीर खचेल. ती यादी मी माझ्या हातानं रजिस्टरात उतरवली. उतरवलेली नावं मी मोठ्यानं उच्चारत होतो आणि नाना समोर उभं राहून मूळ कागदाशी ताडून पाहत होते. साठ-सत्तर नावं झाली असतील. मध्ये एका नावाला ते म्हणाले, “थांबा. ह्यो उंब्रजच्या हौसाबाईचा तुकाराम.” मग म्हणाले, “चला फुडं.”

महिन्याभरानं फंडाचा दुसरा दौरा निघाला. या वेळी शिपायांच्या घरच्यांसाठी निराळं संमतीपत्र छापून आलं होतं. उंब्रजच्या चावडीत हौसाबाईचं नाव पुकारलं गेलं. एकटी विधवा बाई, एकुलता एक मुलगा पलटणीत. ती पदराच्या गाठीत पाच रुपये बांधून आली होती आणि खुशीत होती. पोराच्या लढाईला आपलाही हातभार लागतोय, असं ती शेजारणीला सांगत होती. नानांनी कागद घेतला आणि वाचायला सुरुवात केली. “मी, खाली अंगठा करनार, लिहून देते की, माझा मुलगा आघाडीवर,” आणि ते थांबले.

पुढचा शब्द ‘सुखरूप’ असा होता. मुलगा आघाडीवर सुखरूप लढत असून त्याच्या विजयासाठी मी राजीखुशीने ही रक्कम देत आहे, असं ते वाक्य होतं.

“वाचा की हवालदार,” साहेब म्हणाले.

“वाचता येत न्हाई सायेब.”

“आत्तापर्यंत येत होतं.”

“ह्यो शबुद न्हाई येत.”

साहेबांनी कागद त्यांच्या हातातून घेऊन माझ्याकडे दिला. “भाऊसाहेब, तुम्ही वाचा.”

मी वाचला. न अडखळता, स्पष्ट उच्चारात. ‘सुखरूप’ हा शब्दही मी तसाच वाचला. रजिस्टरातलं तुकारामचं नाव माझ्या हातचं होतं, त्याची शाई वाळून महिना झाला होता. हौसाबाईनं अंगठा पुढं केला आणि सहज माझ्याकडे पाहून विचारलं, “सुखरूप हाय न्हवं माजा तुकाराम?”

मी शाईची डबी तिच्यापुढं सरकवली.

तेव्हा नाना तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, “बाई, तुजा ल्योक बेपत्ता हाय. जपानच्या हाती सापडला का गेला, सरकारला बी ठावं न्हाई. ठावं न्हाई यवढंच ठावं हाय. ह्या कागदावर अंगठा करायचा का न्हाई त्ये तू बघ.”

ती रडली नाही. तिनं पैसे परत पदरात बांधले, गाठ दोनदा तपासली आणि भिंतीला धरून धरून चावडीच्या पायऱ्या उतरली. तिच्या मागून रांगेतली सगळी माणसं उतरली. त्या दिवशी उंब्रजला फंडाचा एक पैसा जमला नाही.

चौकशी पंधरा दिवसांत बसली. आरोप असा की, हवालदार माने यांनी मनची वार्ता उठवून लोकांचा धीर खचवला आणि फंडाचं काम मोडलं. भूमिगतांशी त्यांचा संबंध असावा, असंही कुणीतरी जोडून दिलं. नानांचं म्हणणं एकच होतं. यादी आली होती, रजिस्टरात उतरवली होती, रजिस्टर मागवा. चौकशीच्या साहेबांनी रजिस्टर मागवलं नाही. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, “त्या दिवसापर्यंत अशी कुठली यादी कचेरीत आली होती का?”

मी म्हणालो, “नाही.”

नाना कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, खरोखर काही समजत नसल्यासारखं. “भाऊसाब,” ते हळू म्हणाले, “तुमच्याच हातचं अक्षर न्हवं का त्ये?”

चौकशीच्या साहेबांनी नानांना गप्प राहायला सांगितलं.

लढाईच्या कायद्याखाली त्यांना तीन महिने आत ठेवलं. नोकरी गेली. मागच्या लढाईची पेन्शनही गेली, कारण शेरा असा होता की, हा इसम सरकारविषयी खोट्या वार्ता पसरवतो. पेन्शनवर त्यांचं घर चाले. पण पुढं त्यांच्या वाडीचा एक माणूस भेटला, तो म्हणाला, नानास्नी पैशाचं काय वाटत न्हाई, पोरं मागनं ‘खोटा हवालदार’ म्हनून वराडत्यात, त्येचं वाटतंय.

लढाई संपल्यावर हौसाबाईला कागद आला. मुलगा बेपत्ता, मृत समजण्यात यावा. बेपत्ता झाल्याची तारीख त्यावर होती. आमच्या उंब्रजच्या दौऱ्याच्याही पुष्कळ आधीची. तो कागद घेऊन ती साताऱ्याला माझ्या टेबलापाशी आली. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, “म्हंजी हवालदारानं मला खरं सांगितलं हुतं. मग त्येला का वं आत घातला?”

“वरून हुकूम होते, बाई,” मी म्हणालो.

“वर कुनाचं?”

मी टेबलावरचा पुढचा अर्ज ओढला. ती तो कागद चार घड्या करून चोळीत ठेवून निघून गेली.

स्वराज्य आलं तेव्हा मला वाटलं, आता हे आपोआप नीट होईल. मला काही करावं लागणार नाही, असंही त्यात होतं. नाना त्याच साली अर्ज घेऊन कचेरीत आले. कोटाचं दुसरं कोपरही फाटलं होतं. अर्जात पेन्शनचा उल्लेख नव्हता. गावोगाव लढाई फंड किती जमला आणि तो कुठं गेला, हे प्रत्येक चावडीवर वाचून दाखवावं, आणि बेपत्ता शिपायांची यादी कचेरीत कधी आली तेही सांगावं, एवढीच मागणी होती. नव्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

“नाना, आता आपलंच राज्य आहे,” साहेब म्हणाले. “इंग्रजांची धुणी आपण कशाला धुवायची?”

“आपलं हाय म्हनूनच आलो, सायेब. त्यास्नी इचारलं तवा त्यांनी आत घातलं. तुमी वाचून दावाल म्हनून आलो.”

“पैसा तर त्यांनीच नेला ना?”

“न्येला असंल. मग तसं सांगा. किती न्येला त्ये सांगा. गोळा करनारी मानसं तर हितलीच हुती.” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर होतो.

अर्ज उत्तर लिहायला माझ्याकडेच आला. मी लिहिलं, “सदरहू माहिती उपलब्ध नाही.” रजिस्टर माझ्या मागच्या कपाटात होतं. फंडाविषयी म्हणाल, तर जुन्या साहेबांच्या दौऱ्यांतल्या काही जेवणावळी त्यातून झाल्या, हे मला माहीत आहे, कारण ती बिलं मी केली. उरलेला पैसा कुठं गेला ते मला आजही माहीत नाही, आणि मी त्या शाखेतला कारकून होतो. मग गावातल्या माणसाला कोण सांगणार? नाना आणखी दोनदा आले. दुसऱ्या वेळी खुर्ची मिळाली, चहा नाही. तिसऱ्या वेळी पट्टेवाल्यानं दारातूनच, साहेब नाहीत, असं सांगितलं. साहेब आत होते.

पुढं संस्थानं विलीन झाली, जिल्हा तुटला, दक्षिणेकडचा निराळा झाला आणि माझी बदली सांगलीला झाली. दप्तरं वाटून घेताना जुन्या कागदांची निवड करावी लागते. काही कायम ठेवायचे, काही अमुक वर्षं ठेवायचे, काही नष्ट करायचे. लढाई शाखेचे कागद नष्ट करायच्या यादीत आले. यादी तपासून सही करायचं काम माझं होतं. त्यात ते रजिस्टर होतं. मी ते उघडलं. तुकारामचं नाव पाहिलं. यादी दाखल झाल्याची तारीख पाहिली, माझी सही पाहिली. ते पान बाजूला काढायला मला कुणी अडवलं नसतं. एक टिपण लिहिलं असतं की हे कायम ठेवावं, तर ते राहिलंही असतं. पण मग ते का ठेवायचं, याचं कारण लिहावं लागलं असतं. दोन दिवस मी ते टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी यादीवर सही केली. कृष्णेच्या काठी बाहेरच्या बाजूला ते कागद जाळले, तिथं मी हजर होतो. हजर राहणं नियमात होतं.

त्यानंतर मला जेवण जाईना. पत्नीनं डॉक्टरला दाखवा म्हणून धोशा लावला. महिन्यानं मी रजा टाकली आणि म्हसवडला गेलो.

माण तालुक्यात त्या वर्षीही पाऊस नव्हता. नाना वाडीत नाहीत, रस्त्याच्या कामावर आहेत, असं कळलं. दुष्काळी कामावर त्यांच्या वाडीची आणि आसपासची शे-दीडशे माणसं उन्हात खडी फोडत होती. त्यात नाना होते. पासष्टीचे असतील. कोट नव्हता, पट्ट्या नव्हत्या. फडकं डोक्याला गुंडाळलेलं, तीन बोटांच्या हातानं दगड धरून ते उजव्या हातानं हातोडा मारत होते. मला ओळखून ते म्हणाले, “भाऊसाब? हिकडं कुटं?”

मी त्यांच्यासमोर मातीत बसलो. रजिस्टर जाळल्याचं आधी सांगितलं. का कोण जाणे, तेच आधी तोंडातून आलं. त्यांचा हातोडा वरच राहिला.

“कवा?”

“गेल्या महिन्यात.”

“म्हंजी आजवर हुतं?”

“होतं. माझ्याच कपाटात.”

त्यांनी हातोडा खाली ठेवला. “म्या अर्ज केला तवा बी?”

“तेव्हाही.”

त्यांनी पुढचा दगड ओढला, नीट बसवला. “मग आता मी काय दावायचं कुनाला?” ते म्हणाले. ते मला विचारलेलं नव्हतं. “मी मेल्यावं बी त्ये तसंच ऱ्हानार.”

मी हात जोडले आणि माफी मागितली. पण आजूबाजूला शंभर हातोडे पडत होते, त्यांना ऐकू गेलं नाही.

“काय म्हनला?”

मी पुन्हा बोललो, आणि ऐकू जावं म्हणून ओरडून बोलावं लागलं. शेजारच्या बाईनं हात थांबवला, मग तिच्या पलीकडच्यानं. मुकादम वळून पाहू लागला.

“नाना, यादी आली होती. मी ती स्वतः उतरवून घेतली होती. तुम्ही उंब्रजला खरं सांगितलंत आणि मी चौकशीत खोटं बोललो. तुमची पेन्शन माझ्यामुळे गेली, तुमचं नाव माझ्यामुळे गेलं, आणि ते परत मिळवून देता येईल असा कागद मीच जाळला. माझ्याजवळ आता द्यायला काही उरलेलं नाही. मला माफ करा.”